बिनखुणेच्या कोंबड्या

सोमवार, ता. २३ नोव्हेंबर १९७०

शेजारच्या उकंडरावाचा पोरगा आज आमच्या अंगणात आला. अकरा वर्षांत त्या घरचं कुत्रंही इकडे फिरकलं नव्हतं. हा आला, आणि येताना फाटकाशी थांबून पायांवर फिनेलचं पाणी ओतून घेतलं — जणू वाट त्याच्या बापाची आणि विटाळ आमचा.

किसनराव नाव. जनावरांचा डॉक्टर झालाय. पुण्याकडच्या कुठल्याशा प्रयोगशाळेने त्याला खामगावात दोन खोल्या घेऊन दिल्यात, बंद पडलेल्या तेलघाणीच्या आवारात. तिथे तो कोंबड्यांच्या खोकल्यावर औषध शोधतो. माणसं खोकून मरतात, त्यांचं काही नाही.

मी बाजेवर होतो. उठलो नाही.

"काका, तुमच्या सुनेच्या कोंबड्यांचं रक्त तपासलं. साफ निघालं."

रक्त? कोणी काढलं? कधी? — मी मागे बाजाराला गेलो होतो तेव्हा कोकिळेने ह्याला आत घेतलं आणि एकेका कोंबडीच्या पंखाखालून सुईने रक्त काढू दिलं. माझ्या पाठीमागे. विचारलं तर मान खाली. पण ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, मी पाहिलं.

तो सांगत राहिला. डोणगावपासून सोनाळ्यापर्यंत जिथे जिथे गेला तिथल्या कोंबड्यांच्या रक्तात त्या रोगाची खूण सापडते. अँटीबॉडी म्हणतात तिला. रोग एकदा येऊन गेला की रक्तात पहारा बसतो, तो पहारा म्हणजे ती खूण. आमच्या एकाही कोंबडीत ती नाही. म्हणजे रोग इथे आलाच नाही.

"काऊन नाही आला?" विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

तो धुऱ्याकडे बघून हसला. दोन शेतांमधला तो धुरा, त्याच्या बापाने दर पेरणीला नांगराच्या एकेका तासाने सरकवत माझ्याकडे लोटलेला. मी त्यावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलंय, छातीएवढं. पोरं दर होळीला त्यातल्या काट्या चोरायला येतात आणि मी काठी घेऊन बसतो.

"तुमी कोणाले येऊच देत नाही ना, काका. माणूस नाही, कोंबडी नाही. मंग रोग तरी कसा येईन?"

माझ्या रागाचाही ह्यांना उपयोग.

त्याला दर आठवड्याला अंडी हवीत, पिल्लू धरणारी. कोकिळेने खामगावला नेऊन द्यायची. अट एकच — बाहेरची कोंबडी आत येता कामा नये. "एक जरी आली, घटकाभर जरी आली, तरी सारं वाया. मंग ही अंडी मले चालणार नाहीत."

"मंग ह्या कोंबड्यांचं काय कराचं?" कोकिळेने विचारलं.

"मंग काय, हॉटेलवाल्याले द्या," तो म्हणाला आणि हसला. ती हसली नाही.

मंगळवार, ता. २४

फिनेलचा वास जात नाही. भाकरीलाही लागला.

बुधवार, ता. २ डिसेंबर

आज पहिली टोपली गेली. कोंड्यात एकेक अंडं रोवून वर ओलसर फडकं. रंगरावाच्या तान्हेपणी त्याची आई त्याला असं गुंडाळायची.

रंगराव माझा मुलगा. जाऊन चार वर्षं झाली. ताप आला, खामगावच्या दवाखान्यात नेला, तिथेच राहिला. तेव्हापासून ह्या घरात मी आणि ही. शेत माझ्या नावावर, घर माझ्या नावावर. तिचं म्हणावं असं ह्या पांढऱ्या कोंबड्या तेवढ्या. सोनाळ्याच्या भावाने एका दिवसाची पिल्लं खोक्यातून आणून दिली, ती हिने वाढवली. पोटच्यासारखी.

मी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि दारात कोंबडा आरवतो. म्हटलं, लोक हसतात.

"लोक आपल्या दारात येतच नाहीत, मामाजी. हसतीन कुठून?"

असं बोलते. आवाज चढवत नाही, म्हणून जास्त लागतं.

अंडी जातील तोवर ती इथे राहील. अंडी बंद झाली की सोनाळ्याला भावाकडे जाणार, हे तिने स्वतः सांगितलंय. "मंग इथं माह्यं काय हाये?" जाऊ दे. मला काही अडत नाही. फक्त संध्याकाळी दिवा कोण लावणार ते एकदा ठरवलं पाहिजे.

शनिवार, ता. ५

धुऱ्यापलीकडे उकंडराव खोकतो. दिवसभर. आनंद झाला असं लिहिणार नाही, पण झोप चांगली लागली.

शुक्रवार, ता. ११

डोळे दाखवायला खामगावला गेलो. मोतीबिंदू पिकला नाही म्हणे, थांबा. येताना कोकिळा त्या खोल्यांवर घेऊन गेली. बाहेर बसतो म्हटलं, तर ऊन.

आत अंधार. एका लाकडी खोक्यात दिवा, खोक्याला भोक, भोकावर अंडं धरायचं. किसनरावाने माझ्या हाताला धरून पुढे केलं. अंडं आतून लाल दिसतं, शिरांचं जाळं. मध्ये एक काळा ठिपका. "तो डोळा, काका." आणि तो हलला. माझ्या डोळ्यांवर पडदा, आणि तो न जन्मलेला डोळा माझ्याकडे बघतो. मी हात सोडवून घेतला.

त्याचा उद्योग असा. रोगाचं विष पुण्याहून थर्मासात बर्फ घालून येतं, जलंबला गाडी बदलून. अंड्याला बारीक भोक पाडून ते आत सोडतो, वरून मेण लावतो. विष भिनलं तर पिल्लू वाढत नाही. आकसतं, मुटकुळं होऊन बसतं. गावोगावच्या कोंबड्यांच्या रक्ताचं पाणी विषात मिसळूनही तो अंड्यात घालतो. पिल्लू धड राहिलं तर त्या रक्तात पहारा आहे असं समजायचं. आणि औषधाची परीक्षाही तशीच — विष आणि औषध दोन्ही सोडायची, पिल्लू धड वाढलं तर औषध खरं.

"सहा औषधं झाली. साऱ्यांत पिल्लं आकसली. आता सातव्या नंबरची बाटली."

एका कोपऱ्यात वेगळी अंडी होती. त्यांत नुसतं विष, औषध नाही. ती तुलनेसाठी. "याच्यातलं पिल्लू आकसलंच पाह्यजे. नाही आकसलं त समजा आपलंच काहीतरी चुकलं."

मारून बघायचं आणि मेलं नाही तर चुकलं म्हणायचं. शिकलेल्यांचं असं असतं.

भिंतीवर परदेशी मासिकातलं एक चित्र लावलेलं. राखेच्या गोळ्यासारखं, सभोवार काटे. तोच तो विषाणू म्हणे. मुकुट घातल्यासारखा दिसतो म्हणून विलायतेत नुकतंच त्याच्या जातीचं नाव ठेवलं, कोरोना.

"कुंपण दिसते," मी म्हटलं.

"तुमच्याच धुऱ्यावरचं," तो म्हणाला, आणि कोकिळा मोठ्याने हसली. घरात असं हसलेली मला आठवत नाही. तिथे तिला सगळे कोकिळाबाई म्हणतात. ती अंडी भोकावर धरते, फिरवते, बाजूला ठेवते, आणि डॉक्टर ती म्हणेल ते मानतो.

येताना बसमध्ये तिच्याशी बोललो नाही.

रविवार, ता. २०

अंग मोडून ताप. खोकला छातीत उतरलाय. हे त्या खोल्यांतून आणलं. कोकिळा म्हणते कोंबडीचा रोग माणसाला लागत नाही. हिला कोणी सांगितलं? त्यानेच.

सोमवार, ता. २१

कंपाउंडर येऊन सुई देऊन गेला. ताप तोच. रंगरावाचाही असाच होता. तिचं तोंड बघितलं की तेच आठवतं. ती माझ्याकडे बघते तेव्हा तिलाही तेच आठवत असावं. बरंच होईल तिचं. शेत सुटेल.

मंगळवार, ता. २२

दिवेलागणीला डोळा लागला होता. डोक्यावरून काहीतरी काळं फिरलं. पंख होते. पुन्हा फिरलं. यमाचा दूत म्हणतात तो रेड्यावरून येतो, मग हा कोण? हाक मारली, कोकिळा घरात नव्हती.

बुधवार, ता. २३

ताप उतरला. पहाटेच घाम फुटला. कोकिळेने कपाळाला हात लावून पाहिला, डोळे पुसले — धूर गेला म्हणाली, चूल पेटली नव्हती — आणि कण्या खाऊ घालून अंडी घेऊन खामगावला गेली. वार ठरलेला.

आता लिहितो ते नीट लिहायचं आहे.

दुपारी अंगणात बाज टाकून पडलो होतो. पांढऱ्या कोंबड्या मोकळ्या होत्या. त्यांच्यात एक काळी. पाण्याच्या घमेल्यात तोंड घालून पीत होती, त्यांच्याबरोबर दाणे वेचत होती. आधी वाटलं डोळ्यांचा दोष. मग तिने मान वर केली. डोक्याला शेंदूर.

उतारा!

आजाऱ्यावरून कोंबडी उतरवतात, शेंदूर लावतात, शिवेवर नेऊन सोडतात. त्याची इडापीडा तिच्याबरोबर जाते. सोडणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही. आणि वाटेत जो तिला हात लावील त्याच्या अंगावर ती पीडा येते. ही कोणाची ते विचारायला नको. धुऱ्याच्या अंगाने, काट्यांच्या खालून शिरली होती. उकंडरावाचा खोकला माझ्या घरावर लोटला. जमीन पुरली नाही म्हणून.

हात लावला नाही. बाजेला धरून उठलो, लांब काठीने हाकलली. भिंतीशी, कोंबड्यांमध्ये, चुलीमागे, पुन्हा कोंबड्यांमध्ये. ऊन कलल्यावर काट्यांखालून गेली. मी भिंतीला टेकून बसलो.

कोकिळा आली. सांगितलं नाही.

सांगितलं असतं तर ती शोधत गेली असती आणि हाताने धरली असती. कशाला भीत नाही. आणि सांगितलं असतं तर तो डॉक्टर रोज इथे येऊन बसला असता. शिवाय — हेही लिहितो, इथे कोण वाचतो — वाया जायचं तर जाऊ दे. उकंडरावाच्या घरातून येऊन उकंडरावाच्या पोराचं वाया जातंय. मी काय केलं?

रविवार, ता. ३ जानेवारी १९७१

दोन-तीन कोंबड्या शिंकतात. अंडी मऊ कवचाची निघाली, काही सुरकुतलेली. कोकिळा म्हणते चुना कमी पडला. शिंपले कुटून घालते, लसूण चारते. किसनराव पुण्याला गेलाय. आल्यावर सांगू म्हणते.



शुक्रवार, ता. ८

शिंकणं थांबलं. अंडी धड. काही नव्हतंच तर. उगीच जीव टांगणीला.

गुरुवार, ता. १४. संक्रांत

धुऱ्याशी आवाज आला म्हणून गेलो. उकंडरावाची बायको मंजुळाबाई काट्यांवरून हात लांबवून कोकिळेला तिळगूळ देत होती. बाहीत काटा अडकला, दोघी सोडवत होत्या, हसत होत्या. मला बघून मंजुळाबाईने पदर घेतला.

"भाऊजी, बरे हायेत ना आता?"

मी आजारी होतो हे हिला कोणी सांगितलं? कोकिळेकडे पाहिलं. ती तिळगूळ खात होती.

मी म्हटलं, "आमच्याकडे गोड बोलाची चाल नाही."

"थे साऱ्या गावाले ठाऊक हाये," मंजुळाबाई म्हणाली आणि गेली.

सोमवार, ता. ८ फेब्रुवारी

किसनरावाने पेढे पाठवले. सातव्या बाटलीतली पिल्लं जगली. सगळी. एकही आकसलं नाही.

कोकिळा टोपली खाली ठेवायच्या आधीच सांगत सुटली. भोकावर अंडं धरलं की पिल्लू कसं अंग झटकतं, डॉक्टर खुर्चीवरून उठून कसा उभाच राहिला, दोघांनी पुन्हा पुन्हा कसं बघितलं. "माह्या कोंबड्यांच्या अंड्यांत सापडलं, मामाजी. साऱ्या देशात पयल्यांदा."

म्हणजे त्या काळ्या कोंबडीने काही बिघडवलं नाही. छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही. हे एवढं सहज कसं झालं?

पेढा खाल्ला नाही. मग खाल्ला.

बुधवार, ता. १७

पुण्याहून मोठे डॉक्टर येणार. किसनरावाने कळवलंय. ते बघायला येतील ती कोंबड्यांची जागाही, म्हणजे माझं अंगण. कोकिळा भिंती सारवते. मला म्हणते, त्या दिवशी धोतर धुतलेलं नेसा.

उकंडराव आता सगळ्या गावाला सांगत फिरत असेल, माझा पोरगा, माझा पोरगा. त्याचा आवाज इथवर येत नाही, पण मला ऐकू येतो.

शनिवार, ता. २७

सकाळपासून निवडणुकीच्या जीपा धूळ उडवत जातात, कर्णे ओरडतात. त्यांच्या मागून किसनराव सायकलीने आला. पाय धुतले नाहीत. मी ते आधी पाहिलं.

तोंड उतरलेलं. कोकिळेला म्हणाला, "कोंबड्या धरा. रक्त घ्याचं हाये."

मोठे डॉक्टर यायच्या आत त्याने सगळं पुन्हा करून पाहिलं होतं. मागच्या खेपेला अंडी कमी पडली, म्हणून नुसत्या विषाची वेगळी अंडी ठेवलीच नव्हती. आधीच्या महिन्यातली पिल्लं आकसली होती, तीच तुलनेला धरली. घाई झाली. या खेपेला ठेवली.

"औषध देल्लं ती जगली," तो म्हणाला. "औषध देल्लं नाही, तीही जगली."

कोकिळेच्या हातातली कोंबडी फडफडून सुटली. मला काहीच कळलं नाही, मग हळूहळू कळत गेलं. पिल्लांना औषधाने वाचवलंच नव्हतं. आयांनीच वाचवलं. कोंबडीच्या रक्तातला पहारा अंड्याच्या बलकात उतरतो म्हणे. आणि पहारा बसायला आधी रोग यावा लागतो.

गुरुवार, ता. ४ मार्च

सगळ्यांच्या रक्तात खूण निघाली. एकही कोंबडी साफ नाही.

किसनराव अंगणात उभा राहून बोलला. त्याने मोठ्या डॉक्टरांना येऊ नका म्हणून तार केली. काय तोंड दाखवू म्हणाला. सातवी बाटली फेकून द्यायची, सहांच्या पंगतीत.

"कुठी गेल्या होत्या तुमी? कोणाची कोंबडी हातात धरली? एवढं सांगतलं होतं, कोकिळाबाई."

ती म्हणाली, "चूक माहीच हाये."

कशी तिची? मी ऐकत होतो. गप्प बसायचं असंच ठरवलं होतं. त्याची फजिती झाली होती, मला हवी होती तेवढी झाली होती. पण तो पुन्हा म्हणाला, "तुमच्या भरवशावर बसलो अन् तुमी माती केली." माझ्या सुनेला. माझ्या अंगणात. उकंडरावाचं पोर.

मी उठलो. "माती तुह्या घरून आली बे. तुह्या बापाचा उतारा आला होता इथं. काळी कोंबडी, डोक्याले शेंदूर. याच घमेल्यातलं पाणी पिऊन गेली. माह्या डोळ्यानं पाह्यली. जाय, बापाले विचार, शेत खाऊन पोट नाही भरलं काय म्हणून."

वाटलं होतं मान खाली घालेल. तो गोंधळून बघत राहिला.

"बाबाचा उतारा? काका, बाबाले खोकला झाला त मीच गोळ्या देल्ल्या. आमच्या घरी कोणावरूनच कोंबडी उतरवली नाही."

खोटं बोलतो म्हणणार होतो. पण कोकिळा एकदम खाली बसली होती. भिंतीला धरून.

"कधी पाह्यली, मामाजी?"

"तू अंडी घेऊन गेल्ती तेव्हा. माहा ताप उतरला त्या दिवशी."

"अन् सांगतलं काऊन नाही?"

किती हळू बोलली. किसनराव पायांकडे बघत होता. बाजेवर येऊन बसलो.

शनिवार, ता. ६

खामगावचा हॉटेलवाला येऊन कोंबड्या घेऊन गेला. पाय बांधून, टोपल्यांत उलट्या. मी माळ धरलेले हात कानांवर ठेवून घरात बसलो होतो, तरी ऐकू येतं. थोड्याशा किसनराव आधीच घेऊन गेला. त्यांच्या रक्तात आता पहारा भरपूर आहे, तो दुसऱ्या तपासण्यांना उपयोगी पडतो म्हणे. जाताना मला पाहून नमस्कार केला. ह्या लोकांचा नमस्कार शिवीपेक्षा वाईट.

कोकिळेने रिकामं खुराडं झाडून काढलं. कशाला, ते विचारलं नाही.

रविवार, ता. ७

तिने पत्र्याची पेटी माळ्यावरून काढली. सोनाळ्याला निरोप गेलाय. होळी झाली की भाऊ घ्यायला येईल.

माझी भाकरी नेहमीसारखी झाकून ठेवली होती. मीठ बरोबर होतं. तिखट बरोबर होतं. भांडायला काही सापडलं नाही.

मंगळवार, ता. ९

उकंडराव धुऱ्याशी आला. काट्यांच्या पलीकडे उभा. मीही बाजेवरून उठून गेलो, पण जवळ नाही. म्हातारा झालाय. माझ्याहून जास्त, असं मला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असणार.

"तुळशीराम," म्हणाला, "कोंबडी आमची होती."

"मंग कबूल कर."

"कबूलच करून राह्यलो. आमच्या खुराड्यातली होती. पण माह्यावरून उतरवली नोहोती."

"त कोणावरून?"

"थे तुह्या घरात विचार. मले मंजुळेनं मनाई केली हाये. लेकीसारखी तिच्या पाया पडून सांगून गेली, कोणाले बोलू नका म्हणून." मग म्हणाला, "धुऱ्याचं भांडण आपलं हाये. थे आपण मरेपर्यंत करू. तिले त्याच्यात नको घेऊ."

खोटारडा. अकरा वर्षं खोटा बोलतो. मला न्याय शिकवायला आला. दिवसभर डोकं भणभणतंय. माझ्या घरात कोणाला विचारू? घरात आहे कोण? ती, आणि मी.

गुरुवार, ता. ११. होळी

विचारलं. ती पेटीला दोर बांधत होती. मान वर केली नाही.

"तुमच्यावरून. मंजुळाबाईकून मागून आणली. हे गेले त्या वेळी नुसतं दवाखान्यावर बसून राह्यलो, या खेपेले दोन्ही करू म्हटलं. शिवेवर सोडली. मांगं पाहाचं नसते, म्हणून पाह्यलं नाही."

तिसऱ्या प्रहरी पोरं होळीसाठी लाकडं मागत आली. दरवर्षीसारखी लांबच उभी राहिली, माझ्या काठीच्या टप्प्याबाहेर. मी धुऱ्यावरच्या काट्या दाखवल्या. त्यांना खरं वाटेना. कोयता मीच आणून दिला.

कोकिळा विहिरीवर गेलीय. पेटीची गाठ सोडायला बसलोय. फार घट्ट बांधलीय, आणि मला नीट दिसत नाही. अजून सुटली नाही.